खालची दोन नावं

अख्ख्या बीड जिल्ह्यात आइस हॉकी या खेळावर अधिकारवाणीने बोलू शकेल असा एकच माणूस आहे, आणि माझं नशीब असं की ते माझे सासरे आहेत. बर्फ म्हणून त्यांनी आयुष्यात जो काही पाहिला तो पाटोद्याच्या रसवंतीत, उसाच्या रसाच्या ग्लासात तरंगणारा. तोही त्यांना आवडत नाही, रस पातळ होतो म्हणून. इंग्रजी त्यांना येत नाही आणि शाळेशी त्यांचा संबंध तिसरीतच संपला. तरीही कॅनडा-अमेरिकेतल्या कुठल्या गड्याने कोणत्या काळात किती अवघड गोल केले, आणि दोन निरनिराळ्या काळांतले गडी एकाच तराजूत तोलायचे तर कोणाच्या पारड्यात काय टाकायचं, यावर ते सलग तासभर बोलू शकतात. ऐकणाऱ्याला मधूनच उठून जाता येत नाही, कारण ऐकणारा बहुतेक वेळा जावई असतो. सासुरवाडीत जावयाला मान भरपूर मिळतो, सुटका मिळत नाही.

मामांनी (मी त्यांना मामाच म्हणतो) जन्मभर ऊस तोडला. पाटोद्यापासून थोडं आत त्यांचं गाव. दसरा झाला की बिऱ्हाड बांधून पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांकडे जायचं आणि गुढीपाडव्याच्या आसपास परतायचं, असे त्यांचे तीसेक हंगाम झाले. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसं दोन, पण कोयता एक, आणि तो नवऱ्याच्या नावाने ओळखला जातो. नवरा तोडत पुढे जातो, बायको मागून ऊस गोळा करून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून नेते. गुडघे गेले तेव्हा मामांचं जाणं थांबलं, पण पहाटे चारला उठायची सवय काही थांबेना. उठायचं आणि ओट्यावर बसून कोंबड्यांना शिव्या द्यायच्या, एवढाच उद्योग उरला. म्हणून मी माझा जुना मोबाईल त्यांना दिला. मी बीडला शाळेत गणित शिकवतो. गणिताच्या मास्तराला हे आधीच कळायला हवं होतं की आपल्याकडे पहाट होते तेव्हा अमेरिकेत संध्याकाळ असते, आणि त्या वेळेला थेट चालू असलेला खेळ म्हणजे तिकडचाच कुठला तरी असणार. आठ दिवसांनी गेलो तर मामा मोबाईल उंबऱ्याला टेकवून समोर मांडी घालून बसलेले. मला बघताच म्हणाले, "पाव्हणं, हे बघा. हातात काठी, पायाला पातं, आन दात पडला तरी गडी रडत न्हाई. खेळ असावा तर असा!"

पुढे त्यांना कळलं की या खेळाचा हंगामही दसऱ्याच्या सुमाराला सुरू होतो. मग तर त्यांनी तो खेळ घरचाच मानला. "पाडव्याला ह्येंचा बी पट्टा पडतो का?" त्यांनी मला विचारलं. पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचं गाळप बंद होणं. मी म्हटलं, साधारण तेव्हाच, पण चांगले संघ त्याच्या पुढेही दोन महिने खेळत राहतात. "ऊस शिल्लक ऱ्हायला आसंल," ते समजुतीने म्हणाले. इंग्रजी समालोचन ते बंद ठेवत आणि स्वतःचं चालू करत. त्यात बर्फाचं मैदान म्हणजे 'खळं', ती काळी रबरी वस्तू म्हणजे 'चकती', गोलरक्षक म्हणजे 'राखणदार'. आडदांडपणा केलेल्या खेळाडूला दोन मिनिटं एका पिंजऱ्यात बसवतात, त्याला त्यांनी 'कोंडवाडा' नाव दिलं होतं. एकाच गोष्टीवर त्यांचा आक्षेप होता. मिनिटभर पळून झालं की ते गडी बाकावर जाऊन बसतात आणि दुसरे उतरतात, हे त्यांना बघवत नसे. "मिन्टात दमतेत! आन पानी प्यायला बी माणूस हजर!" असं म्हणून ते स्वतः तांब्याभर पाणी प्यायचे.

पण त्यांचा खरा विषय होता थोर गड्यांची तुलना. तिकडची नावं जिभेवर बसेनात म्हणून त्यांनी तीन काळांतल्या तीन खेळाडूंना थोरला, मधला आणि धाकटा करून टाकलं होतं. थोरला जुन्या पुसट चित्रफितींतला, डोक्यावर काही न घालता लाकडी काठीने खेळणारा. मधल्याच्या काळात गोलांचा नुसता पाऊस. धाकटा आजचा. बाकीचं जग आकडे बघून मोकळं होतं, मामा होत नसत. "मधल्याचे गोल जास्त, कबूल. पर त्या टायमाचा राखणदार बघा. अंगावर काय होतं? आन आता बघा. गाद्या-उशा बांधून उभा ऱ्हातो, दार दिसतंय तरी का? म्हून धाकट्याच्या गोलाला वजन जास्त." मग लगेच दुसऱ्या पारड्यात: "पर धाकट्याची काठी हलकी, डाक्टर दाराशी. थोरल्याला काय होतं?" असं करत करत तिघेही बरोबरीला यायचे आणि मामा समाधानाने बिडी पेटवायचे. या शास्त्राला ते 'काळाचं वजन काढणं' म्हणत.

एकदा ही विद्या हाती आल्यावर त्यांनी कशालाच सोडलं नाही. माझ्या मुलीला दहावीला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गुण पडले तेव्हा त्यांनी दोघांच्या काळाचं वजन काढून मला नापास केलं. जुना पुढारी एकटा सायकलवर येऊन एकच आश्वासन द्यायचा, नवा दहा गाड्या घेऊन येतो आणि वीस आश्वासनं देतो. मामांनी गाड्या वजा करून जुन्याला निवडून आणलं. त्यांचा पुतण्या, जो आजही ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातो, एकदा म्हणाला की आमचा कोयता तुमच्यापेक्षा जास्त तोडतो. मामा भडकले. "तुला रस्ता हाय, टॅक्टर हाय, खिशात फोन हाय. आमाला काय होतं बे? रानातून बैलगाडी ओढत काढायची. वजन काढ आन मंग बोल." हे सगळं चाललेलं असताना माझ्या सासूबाई, म्हणजे मामी, चुलीपुढे बसून भाकरी थापत असायच्या. त्या एकदाच बोलल्या, तेही हसत, तव्याकडे बघत: "समद्याचं वजन काढतेत. माझं तेवढं कदी काढलं न्हाई." आम्ही सगळे हसलो. मामाही हसले.

मामांची स्वतःची थोरवी सिद्ध करायला घरात एक पुरावा होता. एका हंगामात त्यांचा कोयता सगळ्या टोळीत पहिला आला होता आणि मुकादमाने खूश होऊन त्यांना पितळी घागर दिली होती. घागरीच्या पोटावर मामांचं संपूर्ण नाव कोरलेलं, गावासकट. घरी कोणीही येवो, लाईटचं मीटर बघायला आलेला माणूस का असेना, चहाच्या आधी ती घागर पुढे यायची. "आण गं ती घागर," मामा ओट्यावरून हाक द्यायचे. घागर नेहमी पाण्याने भरलेली असायची, कारण ती बक्षिसाची असली तरी घरात दुसरी नव्हती. मग मामी त्यातलं पाणी कळशीत, पातेल्यात, सापडेल त्यात ओतायच्या, पदराने घागर पुसायच्या आणि आणून ठेवायच्या. पाहुणा नाव वाचायचा, मान हलवायचा, आणि मामी घागर आत नेऊन पुन्हा भरायच्या. तसं पाहिलं तर त्या घागरीवरचं नाव जगात सर्वांत जास्त वेळा त्यांनीच कमरेवरून वाहिलं असेल. दर सणाला चिंच लावून त्या ते लख्ख करत. हे सगळं मी पंधरा-वीस वर्षं पाहत होतो आणि मला त्यात काही दिसलं नाही.

आता मला माझ्या चुकीबद्दल सांगितलं पाहिजे. दिवाळीला आम्ही गावी गेलो होतो. भाऊबीजेच्या पहाटे मामांनी मला गदागदा हलवलं. "पाव्हणं, उठा! धाकट्यानं टाकला!" मी गोधडीतून एक डोळा बाहेर काढला. पडद्यावर धाकट्याचं नाव मोठ्या अक्षरात झळकत होतं आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात आणखी दोन नावं होती. "हे खाली कोण हायती?" मामांनी विचारलं. "दर गोलाला दोघं येतेत." मामी शेजारीच चहाची कपबशी घेऊन बसल्या होत्या. त्याही वाकून बघायला लागल्या आणि म्हणाल्या, "त्येंचं नाव बारीक कावून?" मला झोप आवरत नव्हती. मलाही खरं म्हणजे नक्की माहीत नव्हतं, पण मास्तर माणसाला 'माहीत नाही' म्हणता येत नाही. मी म्हटलं, "असतील टीममधलेच कोणी. उगाच लिहितात." आणि गोधडी डोक्यावरून ओढली. मास्तर जावई म्हणतोय म्हटल्यावर दोघांनीही ते मानलं. मामी उठून गेल्याचा आवाज मला गोधडीतून ऐकू आला, तो अजून येतो.

त्यानंतरच्या वैशाखात मामी गेल्या. मानेचं आणि पाठीचं दुखणं जुनंच होतं, त्यात ताप आला. आठ दिवस बीडच्या एका दवाखान्यात होत्या. मामा पायथ्याशी स्टुलावर बसून राहायचे आणि 'हे खा, ते खा' यापलीकडे काही बोलायचे नाहीत. मामींना काळजी वेगळीच. माझ्या बायकोला त्या म्हणाल्या, "घागरीला चिंच लाव गं. काळी पडली आसंल, नाव दिसायचं न्हाई." नवव्या दिवशी गेल्या. मामा रडले नाहीत. तेराव्यापर्यंत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट बसवत होते, पाणी विचारत होते. घागर मात्र त्यांनी कोणालाच दाखवली नाही. मोबाईल कोनाड्यात पडून राहिला. पहाटे उठून ते नुसते ओट्यावर बसतात, आता कोंबड्यांनासुद्धा काही म्हणत नाहीत, असं पुतण्या फोनवर सांगायचा. मला वाटलं होतं त्यापेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं.

दसरा आला. त्यांचा जीव रमावा म्हणून मी सुट्टी काढून गावी गेलो आणि पहाटे स्वतः उठून मोबाईल लावला. जाण्याआधी त्या खेळाचे नियमही वाचून घेतले होते. म्हटलं, या खेपेला माणसाशी नीट बोलावं. मामा येऊन समोर मांडी घालून बसले. मग कोणीतरी गोल केला. पडद्यावर एक मोठं नाव आणि खाली दोन बारीक. मामांनी बोट ठेवलं. "ते खालचे." मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, "मामा, ती चकती ज्यांनी पुढे दिली त्यांची नावं. शेवटच्या दोघांची लिहितात. आणि खेळाडूचे गुण मोजतात ना, त्यात गोल टाकणाऱ्याला एक गुण, तसा देणाऱ्यालाही एकच. दोन्हीला सारखा मान." मामा पडद्याकडे बघत राहिले. सामना पुढे गेला होता. "म्हंजी," ते म्हणाले, "मोळी बांधणाऱ्याचं बी लिहितेत?"

मी 'हो' म्हणालो आणि म्हणता म्हणताच मला कळलं की मी काय बोललोय. मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "हे तवाच कावून न्हाई सांगितलं पाव्हणं? ती हितंच बसलती." मी म्हटलं, "झोपेत होतो, मामा." हे खरं होतं आणि त्याने काहीच भागत नव्हतं. मला तेव्हा रडू आलं, आणि जावई असल्यामुळे ते लपवावं लागलं.

मग त्यांनी त्या हंगामाची गोष्ट सांगितली. ती मी शंभर वेळा ऐकली होती, पण अर्धीच. ज्या हंगामात मामांचा कोयता पहिला आला, त्याच हंगामात, त्याच फडाच्या कडेला, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, माझी बायको जन्मली होती. तिचा जन्म फडावरचा हे मला ठाऊक होतं. घागरही त्याच सालची हे कोणी सांगितलं नव्हतं. "बाळंत झाली आन पाचव्या दिशी फडात उभी ऱ्हायली," मामा म्हणाले. "म्या नको म्हनलो न्हाई. पोरगी बैलगाडीच्या दांडीला झोक्यात, आन ही माझ्या मागं. म्या नुसता तोडत गेलो. मागं वळून बघितलंच न्हाई, पाव्हणं. मोळी बांधलेली असायचीच. मागं बघायची गरज पडली न्हाई म्हून तर पयला आलो." मग ते मला म्हणाले, "तुमी गणिताचे मास्तर. काढा आता वजन." मला काढता आलं नाही. बाळंतपणाचे पाच दिवस कुठल्या पारड्यात किती टाकायचे, हे मला शिकवलेलं नव्हतं.

त्याच दिवशी मामांनी घागर बाहेर काढली. ती खरोखरच काळी पडली होती. त्यांनी स्वतः चिंच भिजवली आणि दुखऱ्या गुडघ्यावर बसून दीड तास घासली. ते काम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केलं असावं, कारण सगळं धोतर चिंचेचं झालं. मग आम्ही पाटोद्याला गेलो. तिथे भांड्याच्या एका दुकानापुढे नावं टाकणारा पोरगेला माणूस मशीन घेऊन बसतो. त्याने घागर फिरवून पाहिली आणि विचारलं, "काय नाव टाकू, बाबा?"

मामा माझ्याकडे बघायला लागले. आणि माझ्या लक्षात आलं की या माणसाच्या तोंडून मी त्यांच्या बायकोचं नाव एकदाही ऐकलेलं नाही. हाक मारताना 'अगं ए', माझ्याशी बोलताना 'तुमच्या मामी', परक्याशी बोलताना 'आमची मंडळी'. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे आपल्याला माहीत असतं. नवराही घेत नव्हता हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. दोनदा खाकरले. मग म्हणाले, "कौसाबाई." आणि पुढे आपलं आडनाव.

"कै. टाकतो आन खाली यांच्या स्मरणार्थ," तो सवयीने म्हणाला. त्याच्याकडे येणारी अर्धी भांडी तशीच असतात.

"कै. न्हाई टाकायचं," मामा म्हणाले. "मेली म्हून न्हाई टाकायलो बे. पयली आली म्हून टाकायलो."

त्याला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. "बरं. पर तुमच्या नावाखाली जागा कमी हाय. बारीक बसंल."

"बारीक न्हाई," मामा म्हणाले. "माझ्याएवढंच पायजे. बसत न्हसंल तर माझं घासून काढ."

घासावं लागलं नाही. त्याने हातभर दोरा लावून मोजलं आणि बसवलं. मशीन टर्र टर्र वाजत होतं, पितळेची भुकटी त्याच्या पायजम्यावर सांडत होती, आणि बाजारातली गर्दी आमच्या बाजूने जात होती. मामा एकेक अक्षर उमटताना बघत होते. तिसरीपर्यंतच शिकलेले असले तरी तेवढं त्यांना वाचता येत होतं. परतताना जीपमध्ये घागर त्यांनी मांडीवर घेतली, कोणी 'पायाशी ठेवा' म्हटलं तरी ठेवली नाही.

अलीकडे ते थोरला-मधला-धाकटा यांच्यावर फारसं बोलत नाहीत. पुतण्याने मुद्दाम डिवचलं की "नाना, मंग तिघात मोठा कोण ठरला?" तर म्हणतात, "मला काय इचारतो? मागच्याला इचार." पाहुणे आले तरी घागर दाखवत नाहीत. ती भरलेलीच असते. आता ते स्वतः भरतात, अर्धी अर्धी, दोन खेपांत. त्यांचे गुडघे आता अजून गेलेत आणि आमच्याकडे बीडला चला म्हटलं तर येत नाहीत.

पहाटेचा खेळ मात्र सुटलेला नाही. फरक इतकाच की आता मीही इकडे पहाटे उठून तोच सामना लावून बसतो. गोल झाला की माझा फोन वाजतो. मी फोन स्पीकरवर ठेवतो, कारण माझी बायको तोपर्यंत उठून शेजारी येऊन उभी राहिलेली असते. पहिल्या दिवशी मी गोल टाकणाऱ्याचं नाव वाचायला लागलो, तेव्हा त्यांनी मला मधेच तोडलं. "वरचं ऱ्हाऊ द्या पाव्हणं. खालची दोन वाचा."

तेव्हापासून मी खालचीच वाचतो. ती कुठल्या कुठल्या देशांतली अवघड नावं असतात, माझ्याही तोंडात नीट बसत नाहीत. मामा तिकडून ती दोन्ही नावं आपल्या जिभेला जमतील तशी सावकाश पुन्हा म्हणतात. मग जरा वेळ फोनवर नुसता कोंबड्याचा आवाज येतो. आणि मग पडद्यावर नसलेलं तिसरं नाव ते स्वतः घेतात.